सतरा खुणांचा ग्रह

या प्रवासात शेवटचा एक दिवस सोडला तर मी जव्हारच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. एसटी डेपोकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत एक जुना पण दणकट कॉम्प्युटर आहे आणि त्यावर अवकाशात हिंडायचा एक खेळ आहे. यान घेऊन ताऱ्यांमधून फिरायचं, ग्रहांवर उतरायचं, जमिनीत भोकं पाडून दुर्मिळ खनिजं शोधायची. एवढंच त्यात करायचं असतं. ग्रह इतके आहेत की एका जन्मात बघून होणार नाहीत. कितीतरी लोक खेळतात, पण मी ज्या बाजूला गेलो तिकडे गेलेलं आमच्या तालुक्यात दुसरं कोणी असेल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसलो. मिळालं काहीच नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बरोबर देवराम होता. देवराम माझा शाळेतला सोबती. मोखाड्याच्या पुढे, दरीच्या काठावर त्याचा पाडा. शाळेसाठी तो जव्हारला वसतिगृहात राहायचा आणि रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा. दहावीनंतर तो कामावर गेला. आधी ठाण्याच्या बाजूला दगडाच्या खाणीत ड्रिल मशीनवर, मग राज्याच्या सीमेपलीकडे गारगोटी दळायच्या एका कारखान्यात. दिवाळी झाली की जायचं, पावसाच्या तोंडावर परत येऊन भात आणि नागली लावायची, अशी त्याची वीस वर्षं गेली. यंदा तो होळीच्या आधीच परतला, तोही दुसऱ्यांच्या खांद्याला धरून.

डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे मलाही दाखवला. काळ्या भिंतीवर कोणी चुन्याचा हात झटकावा तसे दोन्ही फुफ्फुसांवर शिंतोडे होते. "दगडाची धूळ आहे," ते म्हणाले, "ही काढता येत नाही." तरी सहा दिवस सकाळी इंजेक्शनं घ्यायला सांगितली. तेवढे दिवस तो जव्हारमध्ये बहिणीकडे, कमळताईकडे राहिला. तिची एकच खोली आणि पोरीची परीक्षा चाललेली. इंजेक्शन घेतलं की तो सरळ माझ्या दुकानात यायचा.

सोमवार : स्थानक

एक्स-रेचं पाकीट काखेत धरून देवराम आला तेव्हा मी खेळातल्या एका स्थानकावर माल विकत होतो. अवकाशातलं स्थानक म्हणजे बाजारच, पण तिथे माणूस नसतो. भाव यंत्र सांगतं, माल यंत्र उचलतं. आमच्याकडे गिऱ्हाईक दारात आलं की आधी 'बसा' म्हणतात. तिथे कोणी बसायला सांगत नाही.

"हे काय, पिक्चर?" देवरामनं विचारलं.

"खेळ आहे. दगड शोधायचे, फोडायचे."

तो हसला आणि हसताहसता खोकला. खोकला थांबायला वेळ लागला. मग म्हणाला, "सुट्टीत पण दगडच."

मी त्याला खुर्ची दिली. जवळच्याच एका ग्रहावर उतरून एका टेकाडाच्या पायथ्याशी मी भोक पाडायला लागलो, तर तो म्हणाला, "तिथं नको. शीर वरल्या अंगाला गेलीय. दगडाचा रंग बग ना."

खेळातला दगड कोणीतरी चित्रात काढलेला असतो, त्याला कसली शीर, असं मनात आलं. तरी वर जाऊन भोक पाडलं आणि तांबं लागलं. चार वर्षं हा खेळ खेळून मला रंगांचा तो फरक दिसला नव्हता.

मग मी त्याला 'निळ्या'बद्दल सांगितलं. खेळातलं सगळ्यात दुर्मिळ खनिज. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण खोल भोक पाडल्यावर पडद्यावर त्याची निळी रेघ उमटते, म्हणून आम्ही त्याला निळा म्हणू लागलो. तो जमिनीवरून दिसत नाही. अंदाजानं जागा धरायची आणि खाली जायचं. मला तो आजवर मिळाला नव्हता.

"अंदाज कोण करतो?" देवरामनं विचारलं.

"आपणच."

त्यानं खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.

मंगळवार : भाजलेला ग्रह

दुसऱ्या दिवशी यान वळवलं ते एका काळ्या ग्रहाकडे. वरून बघताना जमिनीवर चौकोनी काळे डाग होते आणि मधून लालसर माती.

"राब भाजलाय," देवराम म्हणाला. त्या दिवसांत आमच्याकडे शेतात तेच चाललेलं असतं. पालापाचोळा, शेण पसरून भाताच्या रोपाची जागा भाजायची. "इथं पेरतो कोण?"

कोणी पेरत नाही, तिथे पाऊस आम्लाचा पडतो, असं मी सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. इतकी जमीन भाजून ठेवायची आणि पेरायचं नाही, हे त्याला पटेना.

तिथे आमची जीप उलटली. ग्रहावर फिरायला सहा चाकांची गाडी असते, तिला आम्ही जीप म्हणायचो. मी घाईनं उतारावर घातली आणि ती चाकं वर करून खड्ड्यात पडली. सरळ करण्यात पाऊण तास गेला. शेवटी देवरामच्या सांगण्यावरून गाडीच्या एका बाजूखाली भोक पाडलं, जमीन खचली आणि गाडी आपोआप कलंडून उभी राहिली. खाणीत उलटलेली ट्रॉली अशीच काढायचे, तो म्हणाला.

दुपारी कमळताईनं दिलेला डबा सोडला. नागलीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कांदा. शाळेत असताना हा एका बैठकीत चार भाकऱ्या खायचा आणि माझी आई पाचवी वाढायची. आता अर्धी भाकरी त्याच्या हातात होती, आणि प्रत्येक घासानंतर तो थांबून श्वास घ्यायचा, जणू चढण चढतोय. उरलेली भाकरी त्यानं नीट गुंडाळून माझ्याकडे दिली. "ताईला सांग, संपवली," म्हणाला.

बुधवार : पांढरा ग्रह

या ग्रहाबद्दल लिहू की नको असं झालं होतं.

दुरून तो देखणा दिसला. पांढराशुभ्र, हवा नाही, आकाश काळं, आणि लांबवर दोन चंद्र. जमीन सगळी गारगोटीसारख्या दगडाची. त्या दिवशी देवरामनं माउस स्वतःच्या हातात घेतला होता. त्यानं जागा धरली, बटण दाबलं, आणि पडद्यावर पांढरी पूड उसळली. खेळात ती फार हुबेहूब काढली आहे. आधी लोट उठतो, मग सगळं धूसर होतं.

देवरामनं डाव्या हातानं शर्टाची कॉलर ओढून नाकावर धरली.

ते त्याला कळलंही नव्हतं. उजवा हात माउसवर, डावा हात नाकावर, डोळे बारीक केलेले. मी काही क्षण बघत राहिलो आणि म्हणालो, "चल, दुसरीकडे जाऊ."

तेव्हा त्याचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. त्यानं कॉलर सोडली नाही. "थांब. इथं किती पण उडव, आत जात नाय," म्हणाला, आणि आणखी तासभर तसाच बसून भोकं पाडत राहिला.

पाडता पाडता बोलत होता. कारखान्यात भर दुपारी बल्ब लावायला लागायचा, इतकी पूड असायची. तोंडाला बांधायला फडकं घरून न्यायचं. जेवणाच्या आधी हात धुवायचे, पण भात पांढरा आहे की पूड बसलीय ते कळायचं नाही. पाड्यावरून चौघं एकत्र गेले होते. "मारुती दोन वर्षांमागं गेला. काशिनाथ गेल्या पावसात. आता मी आणि लक्षा. लक्षा अजून तिथंच हाय. त्याला खोकला नाय म्हणतो."

मी म्हणालो, "त्याला बोलावून घे."

"बोलावला. येतो कशाला? घरी काय ठेवलंय?"

त्या ग्रहावर काही मिळालं नाही. निघताना तो म्हणाला, "खाणीत साहेब येऊन लाल रंगानं खूण करायचा. आम्ही तिथं भोक पाडायचा. वीस वर्षं. एक दिवस पण मला कोणी विचारला नाय, का देवराम, तुला काय वाटतं, कुठं पाडू. तो निळा शोधायचा ना, तं खुणा मी करीन."

"तूच कर," मी म्हणालो.

गुरुवार : पुन्हा स्थानक

इंधन भरायला एका दूरच्या स्थानकावर थांबलो. शेजारी दुसरं यान उभं होतं. जवळ आलेल्या खेळाडूंचा आवाज ऐकू येतो, आणि माझा माइक चालू राहिला होता. देवराम खोकत होता. तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, "भैया, ये कौन खाँस रहा है?"

पंचविशीतला मुलगा असावा. गाव झारखंडकडलं सांगितलं, नाव सांगितलं नाही.

"मेरा दोस्त है," मी म्हणालो.

"पत्थर का काम किया है?"

मी देवरामकडे बघितलं. तो पुढे झुकून त्याच्या कामावरच्या हिंदीत बोलला, "हाँ. ड्रिल, फिर सफेद पत्थर. तुमको कैसा मालूम?"

"बाबूजी ऐसे ही खाँसते थे."

'थे' म्हणाला तो. मग त्यानं विचारलं की आम्ही काय शोधतोय. मी सांगितल्यावर तो थोडा घुटमळला आणि म्हणाला की एक ग्रह त्याला ठाऊक आहे. वस्तीपासून फार लांब, तिथे अजून कोणी उतरलेलं नाही. जमिनीची ठेवण निळ्यासारखी आहे. त्यानं तो स्वतःसाठी राखून ठेवला होता. त्यानं पत्ता पाठवला, "चाचा को ले जाइए" एवढं म्हणाला आणि यान वळवून निघून गेला.

"चाचा," देवराम म्हणाला. तो आणि मी एकाच वयाचे, चाळिशीसुद्धा गाठलेली नाही.

शनिवार : सतरा खुणा

शुक्रवारचा सगळा दिवस वाटेत गेला. त्यात वीज तीनदा गेली, दर वेळी मागच्या थांब्यापासून पुन्हा यायला लागलं. तो वैताग सांगत बसत नाही.

शनिवारी साडेअकराच्या सुमाराला ग्रह समोर आला. निळा वगैरे काही नाही, करड्या रंगाचा, उन्हाळ्यात आमचं पठार गवत वाळून जसं होतं तसा. त्यावर उभ्या आडव्या लांब भेगा. यान वर फिरत ठेवून खालच्या नकाशावर खुणा करता येतात. मी खुर्चीवरून उठलो आणि देवराम बसला.

तीन तास त्याला लागले. ग्रह पूर्ण फिरवून बघायचा, एखाद्या भेगेशी थांबायचा, बोट काचेवर ठेवायचा, "इथं नाय, पाणी वाहिलेलं दिसतं," असं स्वतःशी म्हणायचा आणि पुढे जायचा. श्वास लागला की टेबलावर दोन्ही कोपर टेकून खाली मान घालायचा. मी म्हटलं, आडवा हो जरा. तर म्हणाला, आडवा झाला का जास्त घुसमटतो. एक चहा त्याला तेवढ्या वेळात पुरला. शेवटी त्यानं हात मागे घेतला. नकाशावर सतरा लाल खुणा होत्या.

"यातली एक तरी लागल," तो म्हणाला. इतक्या ठामपणे बोलताना मी त्याला त्या आठवड्यात ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात त्याची बायको वनिता त्याला न्यायला आली. मोखाड्याची गाडी तीनची होती. तिनं पडद्याकडे बघितलं. "हे कुठला गाव?"

"गाव नाय," देवराम म्हणाला. "इथं कोणी राहत नाय."

"मग बरा हाय," ती म्हणाली आणि त्याची पिशवी उचलली.

मी म्हणालो, "एक भोक तरी पाडून जा. दहा मिनिटं."

"गाडी सुटल. तू पाड. मला ये सांगायला."

डेपोपर्यंत मी बरोबर गेलो. दोनशे पावलांचा रस्ता, तो तीन ठिकाणी थांबला. एकदा पानाच्या टपरीला धरून, एकदा विजेच्या खांबाला, एकदा माझ्या खांद्याला.

पुढचे नऊ दिवस

त्याच्या खुणांवर मी एकटा उतरलो.

ज्यांना हा ग्रह बघायचा असेल त्यांना सांगतो की जाऊ नका. भेगांच्या तळाशी ऊन पोचत नाही. वारा सतत असतो, त्याचा आवाज रिकाम्या हंड्यात फुंकल्यासारखा. दगड इतका कठीण की एका भोकाला दीड-दोन तास लागतात आणि यंत्र तापून मध्येच बंद पडतं. दुकान सांभाळून दिवसाला दोन खुणा जेमतेम व्हायच्या.

पहिल्या खुणेला काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खुणेला नाही. पाचवीला फिकट रेघ दिसली, पण ते शिसं होतं. आठवी खूण कड्याच्या अगदी टोकावर होती, तिथून जीप खाली कोसळली, पुन्हा स्थानकावरून नवी आणावी लागली. बाराव्या खुणेला मी खेळाची माहिती देणारी पानं पुन्हा वाचून काढली. तेव्हा कळलं की मध्यंतरी खेळ बनवणाऱ्यांनी बदल केला होता. निळा आता अशा जमिनीत ठेवलेलाच नव्हता. झारखंडच्या मुलाला हे ठाऊक नसणार. देवरामचा अंदाज बरोबर होता, जमीन त्यानं बरोबर ओळखली होती. खालचा माल कोणीतरी एका रकान्यातून पुसून टाकला होता.

तरी मी उरलेल्या पाच खुणा पाडल्या. का, ते सांगता येत नाही. त्यानं केल्या होत्या म्हणून.

त्याला कळवायची सोय नव्हती. पाड्यावर रेंज नाही, टेकडीवर चढलं तर मिळते, आणि टेकडी चढणं त्याचं संपलं होतं. नवव्या दिवशी सतरावी खूण कोरडी निघाली. दुसऱ्या सकाळी वनिताचा फोन आला, वाऱ्यात शब्द तुटत होते. "भाऊ, ते तुमची वाट बगतात. खात नाय काही. या."

मोखाड्याच्या पुढे

सकाळच्या गाडीनं निघालो. मोखाड्याला उतरून वडाप जीप, आणि शेवटचा तासभर पायी. रस्त्याकडेचे पळस फुलून गेले होते. अंगणाअंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, सगळा पाडा त्या गोड, जड वासानं भरलेला. जाताना मनात दोन उत्तरं घोळवत होतो आणि पोचेपर्यंत त्यातलं खोटं पक्कं झालं होतं.

देवराम ओटीवर, कुडाच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. मागे गोधड्यांची चवड. आडवं होता येत नाही म्हणून दिवसरात्र तो तसाच बसलेला असतो, वनिता म्हणाली. दहा दिवसांत त्याच्या गळ्याखाली खड्डे पडले होते. मला बघून त्यानं हात हलवला.

"लागला?"

"लागला," मी म्हणालो.

वनिता आत चुलीकडे होती. त्यानं तिला हाक मारली. "ऐकला का? लागला म्हणतो." तिनं दारातून माझ्याकडे बघितलं, हसली आणि चहा टाकायला गेली.

"कंच्या खुणेला?"

"नवव्या."

"कडक होता?"

"नाही, सहज फुटला. पहिल्याच दाबाला रेघ आली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मोहाच्या फुलांवर दोन कोंबड्या आल्या होत्या, त्यानं हातानंच त्यांना हुसकल्यासारखं केलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सुधीर, वीस वर्षांत एक पण कामाचा दगड सहज फुटला नाय."

मला मान वर करता येईना.

"खरा सांग. आता काय होतंय मला."

मग मी सांगितलं. बदलाचंही सांगितलं, की जमीन त्यानं बरोबर ओळखली होती, माल काढून घेतलेला होता. ते त्यानं ऐकलं, पण त्याला त्याचं विशेष वाटलं नाही. आपल्या आधी माल कोणीतरी नेलेला असतो, हे त्याला नवीन नसावं. त्याला हवी होती ती भोकं.

"पहिल्यापासून सांग. किती खोल गेलास, दगड कसा होता. घाई करू नको."

मी पहिल्या खुणेपासून सुरुवात केली. भेगेच्या डाव्या काठावर, वरचा थर भुसभुशीत, खाली काळा, मग एकदम कठीण. यंत्र दोनदा तापलं. काही नाही. तो डोळे मिटून ऐकत होता आणि मध्येच विचारायचा, "काळा किती जाडीचा?" दुसरी सांगितली, तिसरी सांगितली. पाचवीचं शिसं सांगितल्यावर म्हणाला, "तिथं मला पण वाटला होता." आठवीला जीप गेल्याचं सांगितलं तेव्हा त्याचे ओठ हसल्यासारखे हलले. चहा आला, निवला. दहावी, अकरावी. त्याचे प्रश्न लांब लांब अंतरानं यायला लागले. चौदाव्या खुणेला त्याची मान भिंतीवर कलली आणि छातीतला घरघराट थोडा संथ झाला. मी थांबलो.

त्याचे डोळे लगेच उघडले.

दाराशी बसलेल्या वनितानं मला खूण केली आणि अगदी हळू म्हणाली, "सांगत रहा, भाऊ. आठ दिस झाला, डोळ्याला डोळा नाय त्यांचा. आवाज थांबला का जागा होतात."

म्हणून मी पंधरावी सांगितली. मग सोळावी. सतराव्या खुणेचा थर न थर सांगितला, आठवत होतं त्याहून जास्तच सांगितलं, आणि त्याची मान पुन्हा कलली. ऊन ओटीवरून उतरून अंगणात गेलं होतं. माझी गाडी निघून गेली होती. वनिता गुडघ्यांवर हनुवटी टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती.

खुणा संपल्या होत्या. मी घोटभर पाणी प्यायलो आणि अठरावी सांगायला लागलो.